पेंडीच्या पोत्याऐवजी वाळला पाला: सांगोल्याच्या माळावरच्या नोंदी

१२ जून २०२२

आजपासून वही घातली. गेल्या उन्हाळ्यात गोळी पेंडीची किती पोती आली याचा हिशेब अप्पांनी गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारून ठेवला होता. एकोणतीस रेघा. पन्नास किलोचं पोतं सरासरी पंधराशेला धरलं तरी साडेत्रेचाळीस हजार. अप्पा भिंतीकडे बोट करून एवढंच म्हणाले, "ह्यात चार मेंढ्या आल्या असत्या."

आमच्याकडे साठ मेंढ्या आणि दोन मेंढे. निम्म्या माडग्याळी, म्हणजे पांढऱ्यावर तांबूस ठिपके आणि पोपटासारखं नाक. बाकीच्या काळ्या दख्खनी. तात्यांच्या तरुणपणी वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या फिरत्या तळावर, पेंड कधी येत नव्हती. दिवाळी झाली की वाडा नदीकाठच्या मुलखाकडं निघायचा, कुणाच्या रानात खताला मेंढरं बसवायची, कुणाचा सोगा-पाला खायचा आणि पावसाला घरी. आता तात्या साठीत आहेत, पोरं शाळेत आहेत, माळ डाळिंबाच्या तारेत गेलाय. मेंढरं बारा महिने इथंच, म्हणून पेंड आली. कृषी पदविकेत शिकलेलं आठवून मी म्हटलं, पेंडीतून मुख्यतः प्रथिनं घेतोय, ती द्विदल चाऱ्यातून का घेऊ नयेत? अप्पांनी वीस गुंठे दिले. बाजरीसुद्धा धड येत नाही तिथं, मुरूम वर आलेला.

३ जुलै २०२२

बी आलं. स्टायलो, म्हणजे माळावर येणारं द्विदल चारापीक: राहुरी विद्यापीठाचं, फुले क्रांती जातीचं. बांधासाठी दशरथ घास, तोही द्विदलच. सुबाभूळ नव्यानं लावायची गरज नाही, विहिरीच्या कडेला दोन ओळी आजोबांच्या काळापासून आहेत. सुबाभळीचं वेड होतं त्या काळात लावलेल्या.

स्टायलोचं बी खसखशीपेक्षा थोडंच मोठं आणि टरफल कडक. तसंच पेरलं तर निम्मं बी या वर्षी झोपून राहतं. चुलीवर पाणी उकळलं, खाली उतरवून चार-पाच मिनिटं थांबलो, मग बी त्यात सोडलं, थोड्या वेळानं काढून रात्रभर गार पाण्यात ठेवलं. आई बघून म्हणाली, "बी पेरतोस का चहा करतोस?"

चौदा गुंठ्यांना दीड किलो बी, वाळूत मिसळून फेकलं. खोल गेलं तर उगवत नाही. वरून बाभळीची फांदी ओढली, बस्स. देशातलं स्टायलोचं बी बरंचसं आंध्रातल्या अनंतपूर भागात तयार होतं, आणि तो मुलूख आपल्यापेक्षा काही ओला नाही. या माहितीवर मला फार धीर आलाय.

२१ ऑगस्ट २०२२

स्टायलो कुठं आहे ते दिसत नाही. कुंदा आणि कुसळी गुडघाभर. गुडघे टेकून गवत बाजूला केलं तेव्हा तीन पानांची, बोटभर उंचीची रोपं सापडली. पहिल्या वर्षी हे पीक वर वाढत नाही, मूळ खाली घालतं. हे पुस्तकात वाचलं होतं, पण शेजारी रोज विचारतात "काय लावलंय?" तेव्हा पुस्तक आठवत नाही. दोन खुरपण्या झाल्या. दुसरीत आई, मी आणि दोन बायका रोजानं.

९ ऑक्टोबर २०२२

पाऊस चांगला झाला. स्टायलो घोट्याच्या वर, पिवळी बारीक फुलं. आज बांडी मेंढी काट्याच्या कुंपणातून आत शिरली आणि मागोमाग पंधरा-वीस. तात्यांना मध्ये शिरून हाकलावं लागलं. चव आवडली ही चांगली बातमी. नोंद घेण्यासारखी गोष्ट अशी की, मेंढ्यांसाठी लावलेल्या पिकाला पहिला धोका मेंढ्यांचाच असतो. तारेचा खर्च मी धरलाच नव्हता. आता धरला.

पहिल्या वर्षी कापायचं नाही, बी गळू द्यायचं.

२३ एप्रिल २०२३

आज वाईट वाटलं. दोन दख्खनी मेंढ्यांच्या पाठीची लोकर हातात आली. ओढायची गरज नाही, नुसता हात फिरवला की पुंजका. तात्या घाबरले, आधी त्यांना खरूज वाटली. पण कातडी स्वच्छ, ना खपली ना खाज.

कारण सुबाभूळ. माळावर एक हिरवं पान नाही आणि विहिरीवर दोन ओळी हिरव्यागार. तात्या तीन आठवडे रोज आकडीनं फांद्या ओढून घालत होते. या दोघी दूधवाल्या, त्यांना जास्त. मी आठ दिवस मामाकडे होतो, सांगायचं राहिलं, म्हणून चूक माझीच.

सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन असतं. ते लोकरीच्या मुळाशी होणारी वाढ थांबवतं, आणि पोटात त्याचं जे दुसरं द्रव्य बनतं ते गळ्यातल्या ग्रंथीला त्रास देतं. एके काळी कात्रीविना लोकर उतरवायला मिमोसिन वापरता येईल का, असे प्रयोगही झालेत. आमच्या घरी तो प्रयोग आपोआप झाला. गंमत अशी की हवाई बेटांवरच्या शेळ्या हाच पाला पोटभर खाऊन ठणठणीत असायच्या. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात त्याचं कारण शोधलं. त्यांच्या पोटात ते विष फोडणारा एक जिवाणू होता. तो ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडला आणि त्यांनाही पाला पचू लागला. जिवाणूला नाव जोन्सचंच मिळालं, सिनर्जिस्टिस जोन्सी.

आमच्या मेंढ्यांच्या पोटात तो आहे की नाही हे मला तपासता येत नाही, म्हणून नियम साधा: एकूण चाऱ्याच्या पाव भागापेक्षा जास्त सुबाभूळ नाही, आणि सलग नाही. पाला सुकवला की मिमोसिन थोडं कमी होतं, संपत नाही. तात्यांना विळ्यानं खांबावर चार खाचा करून दाखवल्या, तीन खाचा इतर चारा, एक खाच सुबाभूळ. ते म्हणाले, "आधी सांगायचं व्हतं की."

३० ऑगस्ट २०२३

लोकर जून संपेपर्यंत परत आली, ते लिहायचं राहून गेलं.

हा महिना कोरडा गेला. अख्ख्या देशात १९०१ पासून एवढा कोरडा ऑगस्ट झाला नाही, असं हवामान खात्याचं म्हणणं. बाजरी निसवायच्या आधीच करपली. दशरथ घास बांधावर उभा, पण पानं दुमडलेली. स्टायलो मात्र हिरवा. बोटभर खणून बघितलं, वरची माती राखेसारखी आणि मुळं खाली कुठं गेलीत त्याचा पत्ता नाही.

शेजारी आज पहिल्यांदा वेगळ्या आवाजात म्हणाले, "काय लावलंय?"

१५ ऑक्टोबर २०२३

या प्रकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा आठवडा हा, आणि माझ्या आराखड्यात तो एका ओळीत उरकला होता: "कापणी व साठवण."

गेल्या उन्हाळ्यात एक गोष्ट कळली. अवर्षणात टिकणारं पीक म्हणजे मे महिन्यात हिरवं असणारं पीक नव्हे. स्टायलो मेला नाही, पण मार्च-एप्रिलमध्ये पानं टाकून नुसत्या काड्या होऊन उभा राहिला. मेंढ्यांना काड्यांत काय मिळणार? पाला आहे तो आत्ता, फुलोऱ्यात. आत्ता कापून सुकवला तरच उन्हाळ्यात चारा. नाहीतर झाड दुष्काळ काढेल, मेंढरू नाही.

चार दिवस आई आणि मी कापत होतो, जमिनीपासून वीतभर वर, म्हणजे परत फुटेल. पहिल्या दिवशी उन्हात पसरला, संध्याकाळी पान कुरकुरीत होऊन काडीवरून गळायला लागलं. पान गळालं की प्रथिनं मातीत. दुसऱ्या दिवसापासून आईनं ताबा घेतला. दोन तास उन्हात कोमेजू द्यायचा, मग छपरात जुन्या साड्यांवर पातळ पसरायचा, सकाळी दव असताना, पान मऊ असताना उलटायचा. काडी वाकवली की कट्‌कन मोडली म्हणजे झालं. मेथी ती अशीच वाळवते. रंग हिरवा राहिला, वास चहापत्तीसारखा.

वजन: स्टायलो ३१० किलो, दशरथ ६०, सुबाभळीचा पाला ९०. सगळं तागाच्या पोत्यांत, दगडांवर फळ्या टाकून. उंदरांसाठी मांजर आहे. मांजराचा खर्च धरलेला नाही.

१ नोव्हेंबर २०२३

काल सरकारनं चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात सांगोला आहे. पेंडीचं पोतं साडेपंधराशेवर गेलं. दोन्ही बातम्या एकाच दिवशी कळल्या.

१० फेब्रुवारी २०२४

आता खरी परीक्षा. ऑक्टोबरमध्ये जन्मलेले सोळा नर, चार महिन्यांचे. काना-शेपटीला रंग लावून दोन गट केले. लाल गटाला दिवसभर चराई आणि संध्याकाळी प्रत्येकी पाव किलो गोळी पेंड. निळ्या गटाला तीच चराई आणि ४०० ग्रॅम वाळला पाला, त्यात सुबाभूळ पावापेक्षा कमी. पोत्यावरच्या छापील आकड्यावरून प्रथिनं दोन्हीकडे जवळपास सारखी बसवलीत, निळ्याकडे थोडी जास्तच. दोन्ही गटांना जंताचं औषध आणि आंत्रविषाराची लस एकाच दिवशी.

वजन काढायला आढ्याला काटा आणि पोत्याची झोळी. लाल सरासरी १४.२ किलो, निळा १४.१. सोळा कोकरं झोळीत घालायला दोन तास लागले, माझा सदरा फाटला.

सोळा म्हणजे काही फार मोठी संख्या नाही, हे मला ठाऊक आहे. कुठल्या विद्यापीठाला दाखवायला लिहीत नाहीये. अप्पांच्या भिंतीवर रेघा कमी होतात का, एवढंच बघायचंय.

२ मार्च २०२४

रात्री लाल गटाच्या कुडाची कडी नीट लागली नव्हती. कडी मी लावली होती. चार कोकरं पेंडीच्या खोलीत शिरली आणि पोतं फोडलं. पहाटे तीनला अप्पांनी उठवलं. चौघांची पोटं नगाऱ्यासारखी, दात खात होती, एक आडवं. खायचा सोडा पाण्यात कालवून पाजला, चालवत राहिलो. तिघं सकाळपर्यंत रवंथाला लागली. आडवं होतं ते उजाडता गेलं. डॉक्टर आले तेव्हा सांगायला दुसरं काही उरलं नव्हतं. दाणा एकदम पोटात गेला की तो भराभर आंबतो, आम्ल वाढतं आणि ते रक्तात उतरतं.

हे पाल्याच्या बाजूनं मोजावं का? पाल्याचं पोतं फोडून कोकरू मेलं नसतं, हे खरं. पण कडी ही कडीच. हिशेबात लाल गट आजपासून सात.

२६ मार्च २०२४

पंचेचाळीस दिवस पूर्ण. लाल १८.२ किलो, म्हणजे चार किलो वाढ. निळा १७.०, म्हणजे २.९. रोजचं धरलं तर ८९ ग्रॅमला ६४.

मान खाली गेली. प्रथिनं तर जास्त घातली होती! रात्री वही-पुस्तकं काढून बसलो आणि उत्तर पहिल्याच धड्यात होतं. पोटातले जिवाणू प्रथिनाचं सोनं करतात, पण त्यांना काम करायला ताकद लागते, आणि ती पिष्ट-साखरेतून येते. ती नसेल तर जास्तीचं प्रथिन अमोनिया होऊन मुतावाटे बाहेर. गोळी पेंडीत पेंडीबरोबर मका असतो. मी पोत्यावरचा प्रथिनाचा आकडा वाचला आणि मका विसरलो. पावसाळी गवतावर हे चाललं असतं, पण मार्चच्या चराईत आहे काय? कुसळं आणि वारा.

म्हणजे द्विदल पाला पेंडीची जागा घेतो, भरड्याची घेत नाही. आम्ही बोलताना दोन्हीला "पेंड" म्हणतो, घोटाळा तिथूनच झाला.

उद्यापासून निळ्या गटाला प्रत्येकी ८० ग्रॅम मक्याचा भरडा. मूठभरच.

१४ एप्रिल २०२४

तात्या आज वेड्या बाभळीच्या शेंगांचं गाठोडं घेऊन आले. "तुझा मका बाजारातनं आणतोस. ह्यो ओढ्यात पडलाय." एक शेंग मोडून चाखली, गुळासारखी गोड आणि चिकट. ही साखरच की! आणि हीसुद्धा द्विदलातलीच.

मग तात्या बोलत बसले. गावठी बाभळीच्या शेंगा कोणत्या महिन्यात झोडायच्या, शेवरीचा पाला कुठल्या मेंढीला, हादग्याची फुलं कोकरांना का घालायची नाहीत (त्यांच्या मते, मला पटलं नाही), हुलग्याचं भुसकट कधी मिळतं. चाळीस वर्षं हा माणूस द्विदल चाराच घालतोय. पाच पानं लिहून घेतली.

वेड्या बाभळीत एक खोट आहे. अख्खी शेंग खाल्ली की बी न पचता लेंडीतून बाहेर पडतं आणि जिथं मेंढरू बसेल तिथं काटेवन. ओढे असेच भरलेत. शेंगा कडक वाळवून, कुटून, बी फोडूनच घालायच्या. उखळात कुटून बघितलं, चिकट लगदा झाला. कडक उन्हात चार दिवस ठेवून पुन्हा बघू. हा चालू प्रयोग नव्हे. निळ्या गटाचा भरडा तोच राहील. शेंगा मोठ्या मेंढ्यांना.

१० मे २०२४

शेवटचं वजन. लाल २१.७, निळा २०.३. दुसऱ्या पंचेचाळीस दिवसांत लाल ३.५ किलो, निळा ३.३. मूठभर मक्यानं फरक जवळजवळ मिटवला.

हिशेब. लाल गटाच्या कोकरानं साडेबावीस किलो पेंड खाल्ली, एकतीस रुपयांनी ६९७ रुपये. निळ्या कोकराचा मका ३.६ किलो, चोवीस रुपयांनी ८६ रुपये. अप्पा खूश. मी म्हटलं, थांबा. कापायला दोघांचे चार दिवस म्हणजे आठ रोज, वाळवायला आईचे पाच. तेरा रोज तीनशेनं ३,९०० रुपये. थोडा पाला व्यालेल्या मेंढ्यांनाही गेला, पण सगळा बोजा आठ कोकरांवरच टाकला तर प्रत्येकी ४८७. बेरीज ५७३. मका पहिल्यापासून घातला असता तर ६६०. म्हणजे फायदा सदतीस रुपये.

अप्पा म्हणाले, "आईचा रोज कोण धरतंय?"

आई आतून म्हणाली, "का? मी धरते."

त्यावर कुणी काही बोललं नाही. मी हिशेब दोन रकान्यांत लिहून ठेवलाय. एकात आईचा रोज आहे, दुसऱ्यात नाही. मला पहिला रकाना खरा वाटतो. पण एप्रिलमध्ये घरात रोख नसताना पेंड उधारीवर आणावी लागते, आणि पाला ऑक्टोबरमध्येच घामावर आलेला असतो. हा फरक दोन्ही रकान्यांत दिसत नाही.

८ जून २०२४

आटपाडीचा शनिवारचा बाजार. बकरी ईद नऊ दिवसांवर. पंधराही नर नेले. या बाजारात २०२० मध्ये एका माडग्याळी मेंढ्याला सत्तर लाखांची बोली लागली होती, त्यामुळे इथं प्रत्येकाला आपलं कोकरू त्याच्याच वंशातलं वाटतं. अप्पांनाही.

तीन महिने मी ग्रॅमांत मोजत होतो. बाजारात काटाच नाही! हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आला, पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवला, शेपटीच्या मुळाशी चिमटीत धरलं, दात बघितले, रुमालाखाली अप्पांची बोटं दाबली. लालमधले सात आणि निळ्यातले सात एकाच भावात, नगाला ९,२००. निळ्यातलं एक बारीक राहिलेलं आठ हजाराला. एक किलो चारशे ग्रॅमचा फरक हेड्याच्या अंगठ्याला कळला नाही, किंवा कळला आणि त्यानं सांगितलं नाही.

परतीच्या वाटेवर पाऊस. गाडीत भिजत आलो.

७ जुलै २०२४

पुढच्या वर्षीचं ठरलं: स्टायलो आणखी दहा गुंठे, कापणीला आईच्या जोडीला रोजानं दोन बायका, आणि शेंगा कुटायला गिरणीवाल्याशी बोलायचं. लोखंडी जातं चिकटेल म्हणून तो कुरकुर करतोय. पेंड बंद नाही. शेवटच्या महिन्यातल्या गाभण आणि जुळ्यांच्या मेंढ्यांना ती लागेलच. भिंतीवर या वर्षी अकरा रेघा.

आज शेजारच्या आण्णांनी बांधावरून हाक मारली. मे महिन्यात त्यांच्या रानात आम्ही चार रात्री मेंढरं बसवली होती. जाऊन बघतो तर जाळीच्या जागेत बारीक रोपंच रोपं. तीन पानांची, मी ओळखली: स्टायलो. वाळल्या पाल्यातलं पिकलं बी लेंडीतून इथं आलं होतं, आणि पोटातून जाताना टरफल मऊ करून घेतलं होतं. माझ्या गरम पाण्याची गरजच नव्हती. मधूनमधून वेडी बाभूळ. म्हणजे सगळ्या शेंगा कुटल्या गेल्या नव्हत्या.

आण्णा खुरपं घेऊन दोन्ही उपटायला बसलेले. तात्या त्यांच्या शेजारी उकिडवे बसले, बाभळीची रोपं एकेक करून मुळासकट काढली, स्टायलोला हात लावला नाही.

"ह्ये का ठेवताय?" आण्णा.

"ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "पुढच्या साली मेंढरं बसवायचं पैसं न्हाई घ्यायचो तुमच्याकडनं."

आण्णांनी खुरपं खाली ठेवलं आणि विचारलं, "आणि बाजरी कुठं पेरू?"